गाडीपुरती जागा

"किती वर्षं टिकायला हवं?" खडीवाल्यानं विचारलं. तो उकिडवा बसला होता, मोजपट्टीचं टोक त्यानं अंगठ्याखाली दाबून धरलं होतं आणि प्रश्नही जमिनीकडे बघतच विचारला होता, शिंप्यानं बाही आखूड हवी की लांब विचारावं तितक्या सहज. पट्टीचं दुसरं टोक, ज्याच्या अंगणात हे काम निघालं होतं, त्याच्या हातात होतं. "दोन," तो म्हणाला. "दोनएक वर्षं टिकलं तरी पुष्कळ." खडीवाल्यानं मान हलवली. "मग सोपं आहे. वरचं गवत खरवडतो, चार इंच खडी पसरतो, दाबून देतो. दोन वर्षं काही होत नाही त्याला. कायमचं हवं असतं तर फूटभर खणावं लागलं असतं." आणि तो चुन्याची रेघ मारायला लागला. झालं ते एवढंच. पण त्याच्या हातातली पट्टी सुटली आणि सर्रकन जाऊन खडीवाल्याच्या बोटांवर आपटली, कारण नेमकं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्या पाठीशी, जेमतेम चार हातांवर, पुढच्या खोलीची खिडकी आहे, ती उघडी आहे, आणि खिडकीला लागून बाबांचा पलंग आहे.

सकाळपासून त्या खिडकीतून सूचनांचा पाऊस चालला होता. बाबा छत्तीस वर्षं रस्ते खात्यात होते. पाच वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं जरा जड झालं, पण डोकं असं शाबूत राहिलं की कधीकधी वाटावं, थोडं कमी राहिलं असतं तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. "भिंतीपासून मोजू नका, भिंत वाकडी आहे, फाटकापासून मोजा." "उतार कुठे देणार विचार त्याला." "बाळ्या, तू पट्टी ढिली धरलीयस." पंचावन्नावं लागलेल्या माणसाला परक्या माणसासमोर बाळ्या म्हटलेलं ऐकून खडीवाला मिशीत हसला होता. आणि आता खिडकी गप्प होती. चुन्याची रेघ भिंतीच्या अंगानं अठरा फूट गेली, वळली, नऊ फूट आली, पुन्हा वळली, रस्त्याच्या माणसाला शंभर गोष्टी बोलता आल्या असत्या अशा त्या रेघेवर एक शब्द आला नाही. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. झोप लागली असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि बाबा सकाळी अकराला कधीही झोपत नाहीत हे त्याला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

'दोन' हा आकडा त्यानं त्या क्षणी शोधून काढलेला नव्हता. खिशात हात घातला की किल्ली हाताला लागते तसा तो लागला होता, कारण पाच वर्षं तो तिथंच होता. बाबांना झटका आला तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, दोनएक वर्षं धरून चाला. पुढे तो डॉक्टरच दीड वर्षात गेला. धडधाकट माणूस, पोहून आला आणि गेला. बाबांना ही बातमी सांगावी की नाही यावर त्यानं दोन दिवस घालवले, आणि सांगितल्यावर बाबा तोंडाच्या चालत्या बाजूनं हसले आणि म्हणाले, "गडी घाईचा होता." पण आकडा मागे राहिला. जिन्यातून घरी येऊन त्यानं तोच आकडा बायकोला सांगितला होता. तिची बढती त्याच महिन्यात आली होती, दुसऱ्या गावातल्या कॉलेजात मुख्य ग्रंथपाल म्हणून. ती नाही म्हणायला निघाली होती आणि त्यानंच तिला म्हटलं होतं, तू हो पुढे, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. किती मोठ्या मनानं म्हटलं होतं! आपल्याच बापाचं आयुष्य त्यानं आगगाडी सुटायला अवकाश असल्यासारखं बायकोच्या बॅगेशेजारी ठेवलं, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नसेल.

बाबांना तिकडे नेता येत नव्हतं. तिची जागा तिसऱ्या मजल्यावर, वर जायला फक्त जिना, आणि बाबांनी एकदाच पण स्वच्छ सांगितलं होतं की या घरातून मी एकदाच बाहेर जाणार, त्यासाठी तिसरा मजला चढायची गरज नाही. मूलबाळ नव्हतं. मोठी ताई समुद्रापलीकडे राहायची आणि तिथून फोनवर बाबांना कोणत्या कुशीवर किती वेळ ठेवावं याचे धडे द्यायची. राहता राहिला तो. तो जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. जिथं त्याचा पाय कधी लागला नव्हता आणि लागणार नव्हता अशा गावांचे ओढे, बांध, पायवाटा तो बारीक निबानं कागदावर उतरवायचा, आणि दुपारी साडेबाराला पेन मिटून घरी यायचा, कारण दर दोन तासांनी बाबांची कूस बदलावी लागे. सकाळी आणि संध्याकाळी नर्सबाई यायच्या. मधल्या वेळेला तो. त्याचा दिवस दोन दोन तासांच्या तुकड्यांनी बनलेला होता आणि दोन तासांत जाऊन येता येईल तेवढंच जग त्याच्या वाट्याला उरलं होतं. बाजार, कचेरी, औषधाचं दुकान, नदीवरच्या पुलाचं अलीकडचं टोक. पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत येता येतं हे त्यानं घड्याळ लावून पाहिलं होतं. पलीकडे मात्र उतरता येत नाही.

आता ही गाडीच्या जागेची भानगड नर्सबाईंमुळे उपटली होती. नर्सबाई पन्नाशीच्या, गोल, घाईच्या बाई. त्यांची एक जुनी हिरवी गाडी होती आणि दिवसाला सहा घरं होती. घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला नगरपालिकेनं गेल्या महिन्यात गाडी लावायला मनाईचा पिवळा पट्टा ओढला. पुढच्या आठवड्यात नर्सबाईंच्या काचेवर दंडाची चिठ्ठी, त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरी. तिसऱ्या चिठ्ठीला त्या दारातच उभ्या राहिल्या, चप्पलसुद्धा काढली नाही. "दादा, आजोबांना सोडायचं माझ्या जिवावर येतं. पण गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची आणि पिशव्या घेऊन चालत यायचं, माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. आत जागा करता आली तर बघा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघा." दुसरी बाई मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही. आत एका गाडीपुरती फरसबंदी होती, तिच्यावर त्याची गाडी. तिच्या बाजूला गवताचा पट्टा होता आणि भिंतीलगत बायकोनं लावलेली लिली. नऊ फूट बाय अठरा फूट. नकाशावर काढली तर नखाएवढीही येणार नाही अशी जागा.

खडीवाला गेल्यावर तो हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळापाशी उभा राहिला, आणि मग आत गेला. बाबा जागे होते. छताकडे बघत होते. "उशी वर घे," ते म्हणाले. त्यानं उशी वर घेतली. त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं जसं तो दुसऱ्याच्या नकाशातली चूक शोधायचा, कोपऱ्याकोपऱ्यानं. काही सापडलं नाही. अर्धा चेहरा गेलेला माणूस लपवाछपवीला मोठा सोयीचा असतो. "आला होता तो माणूस, बरा वाटला ना?" त्यानं विचारलं. "बरा आहे," बाबा म्हणाले. "रेघ सरळ मारतो." म्हणजे जागे होते. म्हणजे पाहत होते. म्हणजे ऐकलं. नाही, पाहिलं म्हणजे ऐकलंच असं नाही, खडीवाल्याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, आणि आपण पाठमोरे होतो, पाठमोऱ्या माणसाचे शब्द पुढे जातात. असं तो दुपारभर स्वतःशी वाद घालत राहिला. बाबांना भरवताना चमचा त्यांच्या ओठांशी नेला की त्याला वाटे, आता विचारतील. ते तोंड उघडत आणि घास घेत. त्याला शरम वाटत होती, आणि शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते जास्त वाईट होतं. ऐकलं असेल तर बरंच झालं, असं त्याला वाटत होतं. निदान एकदा कुणीतरी बोललं.

लहानपणी बाबा त्याला कामावर घेऊन जायचे. डांबर पडायच्या आधीच्या कोऱ्या रस्त्यावर त्याला उभं करायचे आणि म्हणायचे, "मार उडी." तो उडी मारायचा. बाबा वाकून त्याच्या टाचांची खूण बघायचे. खूण उमटली नाही तर मजुरांना चहा मिळायचा, उमटली तर तेवढा तुकडा पुन्हा. सात वर्षांच्या पोराच्या टाचांनी रस्ते पास-नापास होतात याचा त्याला केवढा ताठा होता! पुढे कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की सात वर्षांच्या पोराच्या वजनानं कसलीच खूण उमटत नाही, बाबा आधीच पाहून ठेवत आणि त्याला नुसतं मिरवू देत. हे ध्यानात आल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्याला कधी मोजलंच नव्हतं, असं वाटलं. पण प्रेम केलं नाही असं म्हणायला बाबांनी त्याला कधी जागा ठेवली नाही. रागावले नाहीत, मारलं नाही, अडवलंसुद्धा नाही. परगावी शिकायला जायचं ठरलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "जा की. मी आहे इथं." आणि तो गेला नाही. अडवणाऱ्या बापाशी भांडून निघून जाता येतं. हा माणूस उंबऱ्यात उभा राहून वाट मोकळी करून द्यायचा, आणि त्या मोकळ्या वाटेवरून पाऊल निघत नसे.

संध्याकाळी नर्सबाई आल्यावर त्यानं मागच्या अंगणात जाऊन बायकोला फोन लावला. लिलीबद्दल विचारायचं होतं. ती भिंतीलगतची लिली तिनं लग्नानंतर पहिल्या वर्षी लावली होती, आणि जाताना शेजारणीला, त्याला आणि बाबांना अशी तिघांना वेगवेगळी बजावून गेली होती की पाणी घाला. तो जरा घाबरतच म्हणाला, "गाडीसाठी जागा करायचीय. लिली काढावी लागेल."

"काढून टाक," ती म्हणाली.

"कुठं दुसरीकडे लावू का?"

"कशाला? काढून टाक रे. झाली आता जुनी." मग तिकडे कप ठेवल्याचा आवाज झाला. "ऐक, घरमालक पुन्हा येऊन गेला. या खोल्या ठेवणार की सोडणार, ते त्याला या महिन्याच्या शेवटापर्यंत सांगायचंय. आणि कॉलेजनंही विचारलंय, त्यांच्या आवारात एक खोली रिकामी होतेय. एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी आहेत त्या खोल्या. एकदा घेतली की निवृत्तीपर्यंत तीच. तिथं नवऱ्यांना राहता येत नाही."

"मग?"

"मग काय? तीन खोल्या धरून बसलेय पाच वर्षं. एक तुझी म्हणून. पूर्वेची खिडकी आहे तिला, तुझं टेबल तिथं बसेल म्हणून मी तिथं एक खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही. रोज झाडते ती खोली. वेड लागल्यासारखं वाटतं मला रिकामी खोली झाडताना." ती रडत नव्हती. ती रडली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. "मी बाबांना टाकून ये म्हणत नाही. तसं म्हणणारी असते तर पहिल्याच वर्षी म्हटलं असतं. किती दिवस, एवढंच सांग. पाच म्हण, सात म्हण, मी धरीन. पण 'बघू' म्हणू नकोस."

"बघू," तो म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली. तिनं फोन ठेवला नाही. खोलीतून नर्सबाईंचा आवाज येत होता, "आजोबा, हात वर, शाब्बास, अजून वर." कुठल्या तोंडानं सांगणार? आकडा सांगायचा म्हणजे बापाच्या मरणाची तारीख धरायची आणि तिच्यावर सही करायची. आज सकाळी एका खडीवाल्याला त्यानं ती किती सहज धरून दिली होती. परक्याला देता आली ती बायकोला देता येत नव्हती.

एकदा त्यानं प्रयत्न केला होता, तिसऱ्या वर्षी. पुलाच्या अलीकडेच म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा होती. कचेरीतून परस्पर तो ती बघायला गेला. जागा वाईट असती तर फार बरं झालं असतं. स्वच्छ, उजेडाची, खिडक्यांना जाळ्या, भिंतीला धरून चालायचे दांडे, आणि तिथली मुख्य बाई इतकी समजूतदार की तिनं एकदाही त्याच्या डोळ्यात पाहिलं नाही. तो बाहेर पडला, फाटकाशी आला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण भराभर चालतोय, पाय हलके झालेत, आपण जवळजवळ शीळ घालायच्या बेतात आहोत. तिथंच त्याचं अवसान गेलं. जागेत दोष सापडला असता तर ती नाकारून घरी जाता आलं असतं. दोष त्या शिळेत होता. त्यानं तिथून मिळालेला अर्जाचा कागद फाडला, बाबांसाठी मोसंबी घेतली, आणि कूस बदलायच्या वेळेला घरी हजर झाला.

चौथ्या दिवशी खडीवाला दोन मजूर घेऊन आला. त्यानं त्या दिवशी कचेरीत रजा टाकली होती. लिली आधी निघाली, कंद मातीसकट ढिगाऱ्यावर गेले, मग गवताची साल निघाली, आणि खाली काळी, ओलसर, भुसभुशीत माती दिसायला लागली. मजूर पहारीनं चार इंच उकरून कडा सरळ करत होते. एवढ्यात आतून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला. बाबांची ही बोलवायची रीत होती. तो आत गेला.

"किती खणलं?" बाबांनी विचारलं.

"चार इंच."

"चार इंचात बटाटे लावतात." बाबांनी डावा हात खिडकीकडे नेला. "माती बघितलीस का? काळी आहे. पाणी प्यायली की फुगते. खडी सगळी गिळून टाकेल ती. नर्सबाईंची गाडी पहिल्या पावसाळ्यात रुतेल."

"पुरेल, बाबा. तेवढ्यापुरतं—"

"केवढ्यापुरतं?"

बाहेर पहार दगडावर आपटली आणि खडीवाला कुणावर तरी खेकसला. बाबांनी पांघरुणाची घडी बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "मी ऐकलं परवा. दोन म्हणालास."

"सहज तोंडातून गेलं, बाबा. त्यानं विचारलं म्हणून—"

"सहज काय! अंदाज करूनच म्हणालास, आणि अंदाज बरोबर आहे. मीही तेवढाच केला असता. त्या घाईच्या डॉक्टरचा चुकला, तुझा चुकणार नाही. मला राग नाही आला, बाळ्या. रस्त्याच्या माणसाला याचा राग येत नाही. प्रत्येक रस्ता अमुक वर्षांचा म्हणूनच बांधतात." त्यांनी दम घेतला. लांब वाक्यं त्यांना चढावासारखी जायची. "पण तीन दिवस झाले, माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तुला किती, पंचावन्न ना?"

"हो. लागलं."

"माझी बाजू कितव्या वर्षी गेली? चौऱ्याहत्तराव्या. माझ्या बापाची? एकाहत्तराव्या. आपल्यात सत्तरी ओलांडली की उजवी बाजू जाते. म्हणजे तुला पंधरा धर. फार तर वीस." ते हे अशा आवाजात बोलत होते ज्या आवाजात पूर्वी जेवताना पुलाच्या कमानी सांगायचे. "आता तू खडी पसरलीस चार इंच. तिसऱ्या वर्षी चाकांच्या रेघा पडतील. पाचव्या वर्षी गवत. दहाव्या वर्षी तिथं जागा होती हे कुणाला आठवणारही नाही. आणि मग तुझी वेळ येईल. तुलाही लागेल ना कुणीतरी? ती बाई गाडी कुठं लावणार?"

त्याला वाटलं आपण ऐकताना काहीतरी चुकतोय. बाबा त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांचा चालता डोळा पाणावला होता.

"मला तू आहेस," बाबा म्हणाले. "तू बाहेर उभा राहून त्याला सांगतोस, हे कर, ते कर. तुला कोण आहे? तू या पलंगावर पडून पेला वाजवशील, तर येणार कोण? म्हणून आत्ताच करून ठेव. मी आहे तोवर, माझ्या डोळ्यांदेखत. फूटभर खण, खाली जाड कापड घाल, मोठा दगड, मग बारीक खडी, मग भुकटी. वीस वर्षं बघायला नको. तुझंही त्यात भागून जाईल. तुझ्यासाठी एवढं तरी करून गेलो म्हणेन."

आणि ते हसले. शाळेत असताना कंपासपेटी आणून दिली होती तेव्हाचंच हसू, फक्त आता अर्धं. त्यांना खरोखर आनंद झाला होता. तीन दिवस छताकडे बघत त्यांनी मुलासाठी काहीतरी शोधलं होतं आणि ते सापडलं होतं. त्याच्या घशाशी एक वाक्य आलं. मी इथं राहणार नाही. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी या पलंगावर पडणार नाही, मी पुलापलीकडे जाणार आहे, तिथं पूर्वेच्या खिडकीची एक खोली आहे, ती रोज कुणीतरी झाडतं. हे सगळं ओरडून सांगावं, खिडकीची काच फुटेल इतक्या मोठ्यानं सांगावं, असं त्याला वाटलं. बापानं शिव्या दिल्या असत्या तर सांगितलंही असतं. दोन वर्षांच्या आकड्यावरून तोंड फिरवलं असतं, रडला असता, तरी चाललं असतं. पण या माणसानं आपलं मरण बाजूला ठेवून मुलाच्या पक्षाघाताची काळजी केली होती. याच्यावर कसं ओरडणार?

"मी—" तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. सांगतो त्याला."

खडीवाला बाहेर पहारीवर रेलून उभा होता. खिडकी उघडीच होती, त्यामुळे त्यानं सगळं ऐकलं असणार, आणि माणूस भला होता म्हणून तो आकाशाकडे बघत होता. "मग, साहेब?" तो म्हणाला. "फूटभर खणा," त्यानं सांगितलं. "वीस वर्षांचं करायचंय." खडीवाल्यानं मजुरांना खूण केली आणि पहारी पुन्हा पडायला लागल्या.

काम तीन दिवस चाललं आणि त्या तीन दिवसांत बाबा दहा वर्षांनी तरुण झाले. पलंग उंच करून खिडकीला आणखी चिकटवावा लागला. कापड अंथरताना दोन पट्ट्या एकमेकींवर किमान हातभर यायला हव्यात, यावरून त्यांनी खडीवाल्याला फैलावर घेतलं. गोल गोटे त्यांनी आल्या पावली परत पाठवले. "नदीतले गुळगुळीत गोटे कितीही दाबा, चाकाखालून पळतात. फोडलेला दगड आणा, कोन असलेला. तो शेजारच्याला धरून बसतो, मग हलत नाही." खडीवाल्याला त्यांचा एव्हाना लळा लागला होता. तो खिडकीशी येऊन मूठभर खडी दाखवायचा, बाबा ती डाव्या हातात खुळखुळवून पास करायचे. आणि तो? तो दोन दोन तासांच्या मध्ये बाहेर येऊन काम करत होता, न सांगता. कडेचे दगड एका ओळीत लावायला त्यानं स्वतः दोरी धरली. नकाशे काढणारा हात, एक सूतही चूक चालत नाही असा. उतार रस्त्याकडे, अठरा फुटांत चार इंच. दाबायचं यंत्र आलं तेव्हा घराच्या काचा थरथरल्या, बाबांचा पेला स्टुलावरून चालत कडेला आला, आणि यंत्राचा दांडा धरल्यावर ती थरथर त्याच्या दातांपर्यंत पोचली. त्याला बरं वाटत होतं. हेच भयंकर होतं. जमीन पायाखाली घट्ट होत जाते तसं माणसाला बरं वाटतंच, मग ती कशासाठी घट्ट होतेय याचा विचार हातांना नसतो. फाटकापासून दारापर्यंत पावलं किती, दारापासून पलंगापर्यंत किती, ती बाई पिशवी कुठल्या हातात धरेल, हे सगळं त्याच्या मनात आपोआप आखलं जात होतं, आणि मग एकदम त्याच्या लक्षात येई की या आखणीत पलंगावर बाबा नाहीत. यंत्र बंद करून तो थोडा वेळ तसाच उभा राही. खडीवाल्याला वाटे, साहेब दमले.

शेवटच्या दिवशी दुपारी नर्सबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. हिरवी गाडी फाटकातून आत आली, कडेच्या दगडाला न लागता वळली आणि नव्या खडीवर जाऊन थांबली. कुरकुर आवाज झाला, पण खडी हलली नाही. नर्सबाई उतरल्या, टाच आपटून पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, रस्त्यापेक्षा चांगलं झालंय हो. आता मी कुठं जात नाही." आतून बाबांनी पेला वाजवला, आनंदानं, उगीचच. नर्सबाई आत गेल्या. महिन्याची तीस तारीख होती. तो तिथंच, दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहिला आणि त्यानं बायकोला फोन लावला.

ती काही विचारायच्या आत तो म्हणाला, "खोल्या सोडून दे."

तिकडे कॉलेजची घंटा झाली, पोरांचा गलका जवळ येऊन लांब गेला. "म्हणजे किती दिवस?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"वीस वर्षं."

त्याला वाटलं ती विचारेल, वीस कशी, बाबा काय शंभर वर्षं जगणार आहेत? तिनं विचारलं नाही. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला आकड्याचा खुलासा लागत नसावा. "बरं," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस." आणि जरा थांबून, "तब्येतीला जप," असं म्हणाली. लांबच्या नातेवाइकाला म्हणतात तसं. मग तिनं फोन ठेवला. फोन कानाशी धरून तो तसाच उभा होता. हातांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती, ती त्यानं विजारीला पुसली, आणि विजार खराब केली म्हणून स्वतःवरच चिडला.

तो आत आला तेव्हा नर्सबाई पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरात गेल्या होत्या. बाबा उशीवरून मान लांब करून खिडकीबाहेर बघत होते. शेजारी शेजारी दोन गाड्या, मध्ये माणूस जाईल एवढी वाट, काठाला दगडांची सरळ ओळ. बघून त्यांचं मन भरत नव्हतं.

"फोन सूनबाईचा होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिला सांगितलंस? आता दोन गाड्या मावतात म्हणावं. दुपारची नर्सबाईंची गाडी नसते. ती कधी आली तर तिलासुद्धा गाडी आत लावता येईल."

"सांगतो," तो म्हणाला. घड्याळात चार वाजले होते. त्यानं बाबांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून, सावकाश वळवलं.